वीणा खाली ठेवायची नसते

चि. बयो,



परवा रात्री तुझा फोन आला. "आत्या, सप्ताहातलं चौथ्या दिवसाचं कीर्तन माझ्या नावावर लावलंय. मला नाही जमणार. तूच मंडळींना सांग," म्हणालीस, मनातल्या शंका बोललीस आणि ठेवून दिलास. नंतर मी चार वेळा लावला, तर बंद. तुझी आई म्हणाली, दार लावून बसलीय, जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागते.

लोकांच्या बोलण्यानं मन विटून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा बाहेर उभं राहून त्यांना साद घातली ती धाकट्या मुक्ताईनं. ताटीचे अभंग तिथे जन्मले. मी काही मुक्ताई नव्हे. वयानं तुझ्याहून बेचाळीस वर्षांनी मोठी आहे. पण दाराबाहेर उभं राहून बोलायचं काम आज माझ्याकडे आलंय. पत्र उघडंच लिहिते आहे, कारण तुझ्यासारख्या आणखीही पोरी गावोगाव असणार. अभ्यास केलेला, गळा तयार, बोलावणं आलेलं आणि ऐन वेळी पाय जागचा हलत नाही, अशा. त्यांनीही वाचावं.

आधी माझं सांगते. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

1987 साल. मी सव्वीस वर्षांची, शाळेत नोकरीला लागून तीन वर्षं झालेली. आपल्या गावचा सप्ताह चालू होता. त्या रात्रीच्या महाराजांची गाडी वाटेत बिघडली आणि ते पोचणार नाहीत असा निरोप आला. मंडप भरलेला. त्या वेळचे आपले मृदंगाचार्य, म्हातारे बाबा, मला शोधत मागच्या बाजूला आले. म्हणाले, "बाई, तू बायकांच्या भजनात अभंग सोडवून सांगतेस, तोच आज इथे सांग. तासभर उभी राहा. आम्ही आहोत मागे." माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "बाबा, पंगतीच्या पुऱ्या व्हायच्यात, मला पीठ मळायचंय." आणि खरोखरच परातीत कोपरापर्यंत हात घालून बसले. पीठ मळायला तिथे दहा बायका होत्या. माझी काही गरज नव्हती.

त्या रात्री कीर्तन झालं नाही, नुसतं भजन झालं. लोक उठायला लागले तेव्हा पलीकडच्या वस्तीवरची एक म्हातारी काठी टेकत चुलवणापाशी आली. अंधारातून चालत आली होती, पायाला चिखल. तिनं मलाच विचारलं, "आज कीर्तन नाही का गं बाई?" मी मान हलवली. ती काही न बोलता आली तशी परत गेली. तिची पाठ मला अजून दिसते.

त्या दिवशी एक गोष्ट कळली, आणि तीच तुला सांगायला हे पत्र लिहिते आहे. आपण भितो तेव्हा सगळं लक्ष आपल्यावरच असतं. माझा आवाज, माझी चूक, माझी फजिती. समोर कोण बसलंय, कुठून चालत आलंय, हे त्या भीतीत दिसतच नाही. मी त्या रात्री स्वतःची लाज वाचवली आणि एका म्हातारीला रिकाम्या हातानं परत पाठवलं. आपण त्याला कीर्तन'सेवा' म्हणतो, तो शब्द उगीच नाही. सेवा ही ज्याची करायची त्याच्याकडे बघून ठरते, करणाऱ्याकडे बघून नाही.

आता तुझ्या शंका. तू म्हणालीस, "माझी लायकी नाही. आळंदीत राहून दोन वर्षं झाली, अजून निम्मी ज्ञानेश्वरी नीट लागत नाही." बरोबर आहे, नसेल लागत. पण ही शंका तुझ्या आधी फार मोठ्यांना येऊन गेली आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात माउली स्वतःला टिटवीची उपमा देतात. चोचीनं समुद्र मोजायला निघालेली टिटवी, तसा मी गीतेचा अर्थ सांगायला निघालोय, म्हणतात. हे ते ग्रंथ संपवून मागे वळून म्हणत नाहीत. सुरुवातीलाच म्हणतात आणि मग सांगायला लागतात. शके 1212 मध्ये नेवाशाला तो ग्रंथ पुरा झाला. आपण दोघी तो पैसाचा खांब बघायला गेलो होतो, आठवतं? तू नऊ वर्षांची होतीस. खांबाला हात लावून विचारलंस, "माउली याला टेकून बसायचे?" मी हो म्हटलं. आज वाटतं, तुझ्या त्या प्रश्नात केवढं होतं! माउलींनासुद्धा पाठ टेकायला खांब लागला, लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा लागले, पाठीवर हात ठेवायला निवृत्तिनाथ लागले. एकट्याच्या बळावर देवाचं काम कुणीच केलेलं नाही. मग तू एकटीनं सगळं पेलायचं, असं कुणी सांगितलं तुला?

आणि कच्चेपणाचं म्हणशील तर नामदेवांची गोष्ट तुझी तोंडपाठ आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. ते रागावले, पंढरपूरला जाऊन देवाकडे गाऱ्हाणं केलं आणि शेवटी विसोबा खेचरांपुढे जाऊन बसले. इथवर सगळे सांगतात. पुढचं मी सांगते. चारचौघांत कच्चा ठरलेला हा माणूस घरी बसला नाही. शिकला आणि पुढे चालत राहिला, पार पंजाबपर्यंत गेला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. कच्चं मडकं म्हणून घेतलेल्या माणसाचं पाणी इतक्या लांबचे लोक प्याले. कच्चं असणं हा दोष नव्हे, बयो. भाजून घ्यायला नकार देणं हा दोष. आणि मडकं भट्टीत गेल्याशिवाय भाजत नाही. सप्ताहाचा मंडप ही तुझी भट्टी आहे.

दुसरी गोष्ट तू अगदी हळू आवाजात सांगितलीस. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटली. "आत्या, हल्ली नाम घेताना काही वाटतच नाही. कोरडं वाटतं. मग दुसऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

तुकोबांचं आठव. दुष्काळात बायको गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी पहिलं काय केलं? देहूचं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. मन लागलं म्हणून देऊळ बांधलं, असा क्रम नाही तो. हात कामाला लावले, मन मागून आलं. त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात हे लपवून न ठेवता सांगितलंय की सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं. मग संतांची वचनं विश्वासानं पाठ केली, आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे उभं राहून धृपद धरलं. नीट बघ बाई हे. ज्यांच्या अभंगावर आज गावोगाव कीर्तनं उभी राहतात, ते तुकोबा सुरुवातीला मागच्या रांगेत दुसऱ्याचं धृपद धरून उभे होते.

आणि कोरडेपणा त्यांना नंतरही सुटला नाही. गाथेत देवाशी भांडणं किती आहेत! रुसवे, शिव्या, निराशा. एका ठिकाणी तर आपल्या लेखी देव मेलाच, इथवर ते जातात. हे अभंग कुणी गाथेतून काढून टाकले नाहीत. वारकऱ्यांनी ते जपले, गायले. म्हणून कोरडं वाटतंय ते लपवू नकोस. भरून आल्याचं सोंग मात्र कधी आणू नकोस, लोकांना ते लगेच कळतं. तुझ्याकडे आज ओल नसेल तर तहान असेल. तहानेचा अभंग घे. समोर बसलेल्यांतले निम्मे तसेच कोरडे बसलेले असतात. कुणाचा कांदा मातीमोल गेलेला, कुणाचा मुलगा बोलत नाही. भिजलेल्या माणसाचं बोलणं त्यांना दुरून ऐकू येतं. तहानलेल्याचं जवळून ऐकू येतं.

तिसरी शंका, लोक काय म्हणतील. "मुलगी नारदाच्या गादीवर उभी राहणार म्हणून दोघंतिघं कुजबुजताहेत," म्हणालीस. कुजबुजू देत. बहिणाबाईंकडे बघ. वेरूळजवळच्या देवगावात 1628 साली जन्मल्या. अगदी लहानपणी वयानं खूप मोठ्या बिजवराशी लग्न लागलं. घर सुटलं, गावोगाव फिरत ते सगळं कुटुंब कोल्हापूरला पोचलं. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं चालत आणि त्यात तुकोबांचे अभंग ऐकायला मिळत. दहा-अकरा वर्षांची ती पोर, आणि तिच्या मागेमागे फिरणारं एक काळं वासरू. कीर्तनाला जाताना वासरूसुद्धा बरोबर. लोक बोलायला लागले, नवऱ्याचा राग अनावर झाला, त्यानं तिला बांधून मारलं. वासरू गेलं. त्या दुःखात ती बेशुद्ध पडली आणि त्याच अवस्थेत तिला तुकोबांचं दर्शन झालं. हे तिनं स्वतःच्या अभंगांत स्वतःच लिहून ठेवलंय. ब्राह्मणाच्या घरातली सून, आणि गुरू मानला तो देहूचा कुणबी. नवऱ्याला ते सोसवेना. पुढे त्याचंही मन पालटलं आणि दोघं देहूला गेली.

बहिणाबाईंना भीती नव्हती असं मला वाटत नाही. मार खाल्लेल्या पोरीला भीती असतेच. बाईच्या जन्माला आल्यामुळे कोणकोणती दारं बंद आहेत, हे त्यांच्या अभंगांत उघड आलंय. पण कीर्तन ऐकायचं त्यांनी सोडलं नाही, आणि लिहायचं तर मरेपर्यंत सोडलं नाही. तुला कुणी बांधून घातलेलं नाही. गावानं आपण होऊन तुझं नाव पत्रिकेत घातलंय. एवढी वाट मोकळी झालीय ती कुणाकुणाच्या पायानं, ते उभं राहताना मनात असू दे. एवढं असलं की कुजबुज ऐकायला कान रिकामे राहत नाहीत.

चौथी शंका तू बोलली नाहीस, पण मी ओळखते. कारण ती मला होती. "हे देवाचं बोलावणं आहे, की मलाच मिरवायची हौस आहे?" लोक मोबाइल उंच धरतील, हार घालतील, पाया पडतील. हे सगळं आवडेल आपल्याला, आणि आवडेल म्हणूनच भीती वाटते. ही शंका चांगली आहे. तिला हाकलू नकोस, थोडी जवळ ठेव. कीर्तनाच्या बदल्यात काही घेऊ नये, हे तुकोबांनी फार कडक शब्दांत सांगितलंय. पहिल्याच कीर्तनाचं पाकीट हातात येईल तेव्हा ते आठव. आणि टाळ्या कमी पडताहेत असं वाटलं तरी सासू-सुनांवर, बायकांच्या नटण्यावर विनोद करून हशा मिळवू नकोस. ऐकीव गोष्ट संतांच्या नावावर खपवू नकोस. एवढ्यापुरती भीती जन्मभर असावी. भीती सगळीच घालवायची नसते. माझं कसं होईल, ही भीती गळू दे. माझ्या तोंडून खोटं जाऊ नये, ही राहू दे.

आता कामाचं बोलते. मी पुढे 1995 साली उभी राहिले. त्या म्हातारीनंतर आठ वर्षांनी. त्याच त्या मृदंगाच्या बाबांनी पुन्हा विचारलं आणि मी पटकन हो म्हटलं, विचार करायला वेळ मिळाला असता तर पुन्हा पिठात हात गेले असते. नमन झालं, अभंग लावला, पहिलं चरण ठीक गेलं आणि दुसऱ्या चरणाला डोकं रिकामं. पाटी पुसावी तसं. जीभ टाळूला चिकटली. अर्जुनाची रणांगणात हीच गत झाली होती ना? तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून गांडीव निसटलेलं. त्या क्षणी मला सुचलं ते एवढंच, विठ्ठल विठ्ठल. नाम तोंडातून गेलं आणि मागच्या चाळीस टाळकऱ्यांनी ते उचललं. गायनाचार्यांनी चाल धरली. बाबांनी मृदंगाची थाप माझ्या दिशेनं जरा वाढवली, जशी बुडणाऱ्याकडे दोरी टाकावी. तुझे बाबा तेव्हा कोवळे होते, लग्नही झालं नव्हतं. वीणा घेऊन माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी ओठ न हलवता दुसऱ्या चरणाचा पहिला शब्द माझ्या कानावर टाकला. समोर कुणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं, बाईंनी गजर काय सुंदर घेतला.

म्हणून सांगते, वारकरी कीर्तनाची घडणच अशी आहे की माणूस चुकणार हे तिनं धरलेलं आहे. व्याख्यान देणारा एकटा असतो, विसरला की संपला. कीर्तनकाराच्या मागे भिंत असते, आणि ती भिंत गाते. प्रमाण म्हणालीस की ते मागे घोळवलं जातं, तेवढ्यात तुला श्वास घेता येतो. धागा सुटला तर नामाचा गजर आहे, आणि नाम हे काही वेळ मारून नेणं नव्हे, तेच तर मुख्य आहे. तू जे विसरशील ते दुय्यम असेल.

तयारी मात्र कर. 1917 साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती भक्तीला अभ्यासाची जोड हवी म्हणूनच. देवाचं काम आहे, तो बघून घेईल, असं म्हणून कोरं जाऊन उभं राहणं हा आळस आहे, त्याला श्रद्धेचं नाव देऊ नये. चार चरणांचा एकच अभंग घे, तुला स्वतःला लागलेला. प्रत्येक चरणाला दोन प्रमाणं, एक दृष्टांत, बस. पंधरा पाठ करून आठ म्हण. सकाळी गोठ्यात गाईपुढे मोठ्यानं म्हणून बघ, मीही तसंच करत असे. संध्याकाळी हरिपाठाला उभी राहा, म्हणजे रात्री मंडप परका वाटणार नाही. आणि बोलताना लांबच्या खांबापाशी बसलेल्या म्हातारीकडे बघून बोल. पुढच्या रांगेतल्या जाणकारांकडे बघू नकोस.

शेवटचं. तू नववीत होतीस त्या वर्षीचा सप्ताह आठव. वीणा सात दिवस, सात रात्री खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटे दोन ते चारचा पहारा तुझ्या बाबांचा, आणि त्यांना त्या रात्री सणकून ताप. तू शाल गुंडाळलीस आणि गेलीस. मी मागून आले होते, तुला ठाऊक नाही. मंडपात समई, कोपऱ्यात झोपलेले चार टाळकरी आणि खांबाशी एक कुत्रं. बाकी कुणी नाही. तू दोन तास वीणा घेऊन उभी होतीस, पायावर पाय बदलत, पुटपुटत. तेव्हा तू लायकीचा विचार केला नाहीस. काही वाटतंय की कोरडं आहे, हे तपासलं नाहीस. बघायला कुणी नव्हतंच, मग मिरवायचं कुणापुढे? वीणा खाली टेकता कामा नये एवढंच तुला कळत होतं. चार वाजता पुढचे आले, तू वीणा त्यांच्या गळ्यात घातलीस, पाया पडलीस आणि घरी येऊन झोपलीस.

बोलावणं कसं ओळखायचं, असं कुणी विचारलं तर मी ती रात्र सांगते. चौथ्या दिवसाचं कीर्तन म्हणजे तसाच दोन तासांचा पहारा आहे, बयो. उजेड थोडा जास्त असेल, माणसं जागी असतील, एवढाच फरक. ती वीणा तुझ्या आधी कुणाकुणाच्या गळ्यात होती आणि तुझ्यानंतर कुणाकडे जाईल, ते तू ठरवायचं नाहीस. मधले दोन तास तुझे. तेवढा वेळ तिला खाली टेकू देऊ नकोस.

मंडळींना मी काहीही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. नाही म्हणायचं असेल तर तुझं तू सांग. पण आधी दार उघड, पोटभर जेव आणि आईशी बोल.

आणि हो, त्या रात्री मी स्वयंपाकाकडे फिरकणार नाही. पिठाला दुसऱ्या बायका आहेत. मी टाळ घेऊन तुझ्या मागच्या रांगेत उभी असेन. तू विसरलीस तर धृपद मी धरीन.

तुझी
आत्या